गाडीच्या वायरिंगला हात घालायच्या आधी काय काय बघायचं? (अंगठीचा किस्सा आत आहे)

कृष्णाकाठचा
शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, डाव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे, एका हातानं टाइप करतोय, शुद्धलेखन पोटात घाला.

आपल्याकडं २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, साडेतीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. बॅटरी ३५ एएच (अँपियर-तास), टाकून दीड वर्ष झालं. आधी रोज कुपवाडला एमआयडीसीत गाडी न्यायचो, आता कंपनीची बस सुरू झाली त्यामुळं गाडी दोन-दोन दिवस घरासमोर उभी. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक् टक् टक्. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके आहे, गाडीच कुठंतरी करंट खातीय, वायरिंगवाल्याला दाखवा. वायरिंगवाला म्हणतो सोमवारी या, सोमवारी गेलं की म्हणतो गुरुवारी या. म्हटलं मल्टीमीटर घरात आहे, व्हिडिओ बघितलेत, आपणच शोधू.

तर आज दुपारी सांगलीत विश्रामबागेत घरासमोर बॉनेट उघडलं, १० नंबरचा पाना घेतला आणि पहिला हात घातला तो प्लसच्या नटाला. का प्लस, तर लाल टोपण समोर दिसलं म्हणून, दुसरं काही डोकं लावलं नव्हतं. डावा हात बॅटरी आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्टीवर टेकवला होता. नट गंजलेला, जोर लावला, पाना घसरला आणि नेमका अंगठीवर येऊन बसला, म्हणजे एका बाजूला पाना, दुसऱ्या बाजूला पट्टी, मध्ये माझी साखरपुड्याची अंगठी. चर्र असा आवाज, निळी-पांढरी ठिणगी, आणि हात मागं घेईपर्यंत बोटाभोवती गोल वळ उठलेला. अख्खा प्रकार एका सेकंदाचा पण नाही. अंगठीला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडलाय, सोनं वितळून. बायकोनं आधी अंगठी बघितली, मग बोट.

आता प्रश्न असा की करंट कुठं जातोय ते शोधायचंच आहे, पण ह्यावेळी नीट. कुठल्या कुठल्या गोष्टी सांभाळायच्या ते जाणकारांनी सांगा. "तू हात लावू नको" हा सल्ला घरातून मिळालेला आहे.


भडंगप्रेमी
शनिवार, रात्री ९:३५

अरे १२ व्होल्टला एवढं काय घाबरायचं राव, मी आत्ता जाऊन दोन्ही टर्मिनलला दोन हात लावून दाखवतो, मुंगी चावल्याएवढं पण कळत नाही. तुला शॉक नाही बसला, तू घाबरून हात झटकलास एवढंच.


कृष्णाकाठचा
शनिवार, रात्री ९:४१

@भडंगप्रेमी शॉक बसला असं मी कुठं लिहिलंय. भाजलंय. फोटो टाकू का, जेवण झालंय ना तुझं?


भौतिकमास्तर
शनिवार, रात्री १०:०३

दोघांचंही बरोबर आहे आणि तिथंच लोक फसतात. कोरड्या कातडीचा रोध काही हजार ओहम असतो, समजा १० हजार धरला तर १२ व्होल्टला अंगातून जेमतेम १ मिलीअँपियरच्या आसपास जाणार, कळणारही नाही. घरातल्या २३० व्होल्टची भीती आपल्या डोक्यात बसलीय, म्हणून १२ म्हटलं की आपण निर्धास्त होतो.

पण अंगठी म्हणजे कातडी नाही. सेल्फ मारताना हीच बॅटरी शेकडो अँपियर देते, ते तिचं कामच आहे. प्लस आणि बॉडीच्या मध्ये धातूचा तुकडा आला की तेवढाच करंट त्या तुकड्यातून जातो आणि तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. अंगठी हा तर बोटाला घट्ट बसलेला छोटा हीटर झाला. म्हणजे इथं शॉकनं मरण्याची भीती नाही, भाजण्याची आणि आगीची आहे. त्यात सोनं चांदी उष्णता झटकन पसरवतात, त्यामुळं वळ पूर्ण गोल उठला असणार.

@भडंगप्रेमी, तुमच्या हातात कडं आहे का? असेल तर तो प्रयोग करू नका.


दवाखानावाली
शनिवार, रात्री १०:२०

वायरिंगमधलं मला कळत नाही, बोटाचं सांगते. अंगठी निघाली का? भाजल्यावर बोट सुजतं आणि अंगठी आत रुतते, म्हणून सगळ्यात आधी अंगठी काढायची, मग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली बोट. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं असलं तरी भाजलेल्यावर हळदसुद्धा नाही. वळ पूर्ण गोल असेल तर डॉक्टरला दाखवाच, बोटाच्या टोकाला रक्त नीट जातंय का ते बघावं लागतं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.


कृष्णाकाठचा
शनिवार, रात्री १०:२६

@दवाखानावाली अंगठी साबण लावून काढली, डॉक्टरला दाखवून आलोय, इंजेक्शन पण झालं. हळद लावायला आई निघालीच होती, वाचलो.


मिरजेचा_वायरमन
शनिवार, रात्री ११:१०

दुकान बंद करून आत्ता बसलोय. बावीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, दादा तुमची चूक एकच, प्लस आधी काढाय गेला. मायनस आधी काढायचा, आणि जोडताना मायनस शेवटी. हे पाठ करून नका ठेवू, समजून घ्या म्हणजे विसरणार नाही.

गाडीची अख्खी बॉडी म्हणजे मायनस. इंजिन, चेसी, ती पट्टी, बॉनेटची दांडी, सगळं. आता मायनसचा नट खोलताना पाना बॉडीला लागला तर काय होतंय? काय नाही, मायनसला मायनस लागला. तो एकदा सुटला, केबल बाजूला वाकवून फडक्यात गुंडाळून ठेवली की मग प्लस खोलताना पाना कुठंबी लागू दे, सर्किट पुरंच होत नाही. उलटं केलं की प्रत्येक वळसा जुगार. तुमचा पाना अंगठीवर बसला म्हणून बोटावर निभावलं. आमच्या इथं एकाचा पाना प्लसला आणि बॉडीला असा आडवा चिकटला, वेल्डिंग झाल्यासारखा, सुटता सुटेना, हातोडीनं मारून पाडला तोवर बॅटरी फुगली होती.

बाकी अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली चेन (वाकलं की बरोबर टर्मिनलवर लोंबते), सगळं काढून खिशात नाही, घरात ठेवून यायचं. आमच्या पोराला मी पहिल्या दिवशी पाना देत नाही, पहिलं हात दाखव म्हणतो.


पोवईनाका_ते_बोगदा
रविवार, सकाळी ७:४८

पण आमचा मेस्त्री तर कायम प्लस आधी काढतो, दहा वर्षं बघतोय, काय झालं नाही. मग हे मायनसचं नक्की का?


ट्रकवाले_काका
रविवार, सकाळी ८:३०

दहा वर्षं काही झालं नाही म्हणजे त्याचा हात बसलाय. तुमचा बसलेला नाही.

मी एका ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. वायरमननी सांगितलेला नियम आणखी एक पाऊल मागं नेतो, जी बाजू बॉडीला जोडलीय ती आधी काढायची. आमच्या उमेदवारीच्या काळात काही जुन्या इंग्लिश गाड्यांना प्लस बॉडीला असायचा, तिथं प्लस आधी. आता सगळीकडं बॉडीला मायनसच, पण कारण तेच.

पान्याला आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवायचो, फक्त तोंड उघडं, दांडा पूर्ण रबरात. पंक्चरवाल्याकडं फुकट मिळतो. आजही माझ्या पेटीत १० आणि १३ नंबरचे दोन पाने असे आहेत, रबर कडक झालंय पण काम होतं.

आता मला राहून राहून आश्चर्य वाटतंय की गॅसबद्दल अजून कुणी बोललं नाही. बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाली की, हायड्रोजन सुटतो. वास नाही, रंग नाही, आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेटायला पुरे. आमच्या चार्जिंगच्या खोलीत बिडी तर सोडाच, चार्जर चालू असताना बॅटरीवरचा त्याचा चिमटा काढला तरी शिव्या बसायच्या, आधी चार्जरचं बटण बंद, मग चिमटा. एकानं चालू चार्जरचा चिमटा ओढला, ठिणगी पडली, बॅटरीचं वरचं झाकण पत्र्याला जाऊन आदळलं आणि ॲसिड ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याचं नशीब की चष्मा होता. त्याच्या खाकी शर्टाला दुसऱ्या दिवशी धुतल्यावर चाळणीसारखी भोकं पडली.

म्हणून साधा प्लास्टिकचा चष्मा घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहायचं आणि तसंच दवाखान्यात. खाण्याचा सोडा फक्त टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी धुवायला, डोळ्यात नाही.


उसाचा_ट्रॅक्टर
रविवार, सकाळी ९:०५

वाळवा तालुक्यातनं रामराम. आमच्याकडं सीझनला बगा एकदा, ट्रॅक्टरला लायटीच्या माळा, म्होरं चार फॉग, मागं डेक, ह्यो भला मोठा बॉक्स, कारखान्याच्या लायनीत उभा राहिला की गाणं गावाला ऐकू जातंय. आन वायर कसली, तर घरातल्या बेलची. फ्यूज उडाला की सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. मी बी केलंय, खोटं कशाला बोलू.

गेल्या साली रातच्याला उसाच्या दोन ट्रॉल्या भरून चाललो हुतो, सीटखालनं वास आला. आधी वाटलं उसाच्या पाल्याचा कुठंतरी जाळ केला आसंल. मग बुडाला चटका लागला. उडी मारून खाली, बगतोय तर सीटखालची वायर लाल झालेली, रबर मेणागत गळालेलं. पाला वाळलेला, मागं वीस टन ऊस. हातात कोयता हुता त्यानं वायरच तोडली. तवापस्नं चांदी बंद.


मिरजेचा_वायरमन
रविवार, सकाळी ९:२२

@उसाचा_ट्रॅक्टर कोयत्यानं तोडलीस, वाचलास, पण कोयता बॉडीला लागला असता तर तिथंच दिवाळी. असो.

फ्यूज म्हणजे गाडीतला मुद्दाम कच्चा ठेवलेला तुकडा. वायर जळायच्या आधी तो जळावा म्हणून. लोकांना वाटतं फ्यूज लाइट वाचवतो, लाइट गेली खड्ड्यात, तो वायर वाचवतो. १० चा लाल उडाला तर लालच टाकायचा. १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा, रंग ठरलेले आहेत, आत नंबर पण असतो. लालच्या जागी हिरवा टाकला की फ्यूज शाबूत आणि डॅशबोर्डच्या आत वायर भाजतीय. परत परत उडतोय म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे, तो शोधायचा, फ्यूज मोठा करत जायचं नाही.

दुसरं, हेडलाइटचा नाद. कंपनीचा हॅलोजन ६०/५५ वॅटचा, म्हणजे एका बल्बला ५ अँपियर. पोरं येतात, अण्णा १०० चा टाका. दोन्ही मिळून सोळा-सतराच्या घरात जातंय. त्यात कंपनीचं वायरिंग आणि स्टिअरिंगखालचं बटण दोन्ही १० च्या हिशोबाचं, मग होल्डर वितळतो, बटण जळतंय. आणि समोरचा आंधळा होतोय ते वेगळंच. फॉग किंवा हॉर्न वाढवायचाच असला तर रिले (बारीक करंटवर चालणारं मोठ्या करंटचं बटण) लावा, बॅटरीवरनं फ्यूज घेऊन त्याच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरनं लाइटला, ८५-८६ ला बटण. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, दहा फुटांवर लाइटजवळ लावला तर मधली दहा फूट वायर रामभरोसे.


गोडोलीची_ड्रायव्हर
रविवार, दुपारी १२:१५

जंप स्टार्टबद्दल लिहा की कुणीतरी. मागच्या सप्टेंबरात आम्ही कासला गेलो होतो, धुकं इतकं की दिवसा लाइट लावूनच चढलो, पार्किंगमध्ये लाइट तशीच राहिली. फुलं बघून तीन तासांनी आलो तर गाडी मेलेली. एका ट्रॅव्हल्सच्या बसचा ड्रायव्हर भला माणूस, केबल घेऊन स्वतः धावत आला, लगेच लावतो म्हणाला. शेजारच्या गाडीतल्या एका आजोबांनी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. का ते मला तेव्हा कळलंच नाही, नंतर दुसऱ्या एका कारवरून चालू करून दिली.


ट्रकवाले_काका
रविवार, दुपारी १२:४०

त्या आजोबांना माझा नमस्कार. मोठी बस, मोठा ट्रक २४ व्होल्टचा असतो, दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या. ते तुमच्या १२ च्या गाडीला लावलं असतं तर कॉम्प्युटर, म्युझिक, सगळं एका झटक्यात गेलं असतं, बॅटरी फुटण्याची भीती वेगळी. कारला कारच.

क्रम असा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला लावायचं नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती जिथं गॅस आहे तिथं पडू नये एवढ्यासाठी. काढताना बरोबर उलटं. आणि केबलची टोकं हातात नाचवत बोलत उभं राहू नका, कासला काय, कुठंही.


पोवईनाका_ते_बोगदा
रविवार, दुपारी १:०२

काका, एक विचारतो. गाडी चालू ठेवायची, टर्मिनल काढायचं, गाडी बंद नाही पडली तर डायनामो चांगला. ही आयडिया कशी आहे?


ट्रकवाले_काका
रविवार, दुपारी १:१०

जुन्या डिझेल गाड्यांवर मीच शेकडो वेळा केलीय. आता करू नका.


मिरजेचा_वायरमन
रविवार, दुपारी १:३०

काकांनी केलं तेव्हा गाडीत कॉम्प्युटर नव्हता. आताच्या गाडीत बॅटरी चालू इंजिनवर काढली की आल्टरनेटरचा (म्हणजे डायनामोचा) करंट जाणार कुठं, एकदम व्होल्टेज उसळतं आणि इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. तपासायचंच असलं तर मीटर लावा, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. हेच वेल्डिंगचं, सायलेन्सर किंवा कॅरिअर वेल्ड करायच्या आधी बॅटरी सोडवून ठेवायची. पाच मिनिटाचं काम आहे पण वेल्डिंगवाला सांगत नाही.


गावभागातला
रविवार, दुपारी ३:४५

ह्याच धाग्यात सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या गल्लीतल्या गाड्यांचं फक्त टप दिसत होतं. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यानं घाईघाईनं चावी फिरवली, बघू चालू होतीय का म्हणून. इंजिनात पाणी होतंच, त्यात सगळ्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या सॉकेटात) चिखल, डॅशबोर्डमधून धूर आला. माझी गाडी मी चावी न लावता टो केली, मायनस काढून ठेवला, कपलर एकेक उघडून धुवून वाळवले. महिना गेला पण गाडी आजही चालू आहे. तेव्हापासून पाण्यानं ४० फुटांची इशारा पातळी गाठली की मी गाडी विश्रामबागेत नातेवाइकांकडं लावतो, ४५ ची धोक्याची पातळी यायची वाट बघत नाही.


कृष्णाकाठचा
रविवार, संध्याकाळी ६:२०

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. आता मीटर लावून करंट मोजायचा आहे, त्यात काय सांभाळायचं? माझ्याकडं साधा पिवळा मल्टीमीटर आहे, १० अँपियरचं भोक वेगळं आहे त्याला.


मिरजेचा_वायरमन
रविवार, रात्री १०:५०

ह्यात लोक मीटर जाळतात म्हणून नीट वाचा.

चावी काढून खिशात, काच खाली (लॉक पडलं तर बाहेर अडकाल), दारं बंद. मायनसची केबल काढा. लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) १० अँपियरच्या भोकात, मीटरचं एक टोक मायनस टर्मिनलला, दुसरं काढलेल्या केबलला. म्हणजे करंट मीटरमधनं जाणार. आता सेल्फ मारायचा नाही, चुकूनबी नाही, लाइट लावायची नाही. लगेच दिसणारा आकडा खरा नसतो, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. चहा पिऊन या. त्यानंतर ०.०२ ते ०.०५ अँपियर दिसलं तर ठीक, जास्त असलं तर चोर आहे. मग एकेक फ्यूज काढायचा, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजून झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. तो १० अँपियरमध्ये राहिला आणि उद्या तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज बघायला दोन्ही टर्मिनलला लावला, तर ते व्होल्टेज मोजणं नाही, वायरनं प्लस-मायनस जोडणं आहे. माझ्याकडं तीन मीटर असे मेलेले पडलेत, एक माझ्याच हातनं.

बॉनेटमध्ये हात असताना रेडिएटर फॅनपासून लांब, गाडी गरम असली तर काही गाड्यांत चावी बंद असतानासुद्धा फिरतो. आणि एअरबॅगच्या वायरींना हात नाही. पिवळे कपलर दिसले की तिथं मीटर पण लावायचा नाही, मीटरचा बारीक करंट पण एअरबॅग फोडायला पुरू शकतो. स्टिअरिंग किंवा डॅश खोलायचाच असला तर बॅटरी काढून कमीत कमी ९० सेकंद थांबायचं, काही कंपन्या आणखी जास्त सांगतात, आत कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) भरलेला असतो.


गोडोलीची_ड्रायव्हर
सोमवार, सकाळी ८:१०

पिवळं कळलं. मग केशरी म्हणजे? माझ्या भावानं परवा हायब्रिड घेतली, खाली जाड केशरी केबल दिसते.


भौतिकमास्तर
सोमवार, सकाळी ८:४५

केशरी म्हणजे आतापर्यंतची सगळी चर्चा लागू नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची, तीही डीसी, तिथं मी वर लिहिलेला कातडीचा हिशोब उलटतो. त्या गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते, तेवढ्यापुरतं बघायचं, केशरीजवळ फक्त ट्रेनिंग घेतलेला माणूस.


भडंगप्रेमी
सोमवार, सकाळी ९:००

बरं बाबांनो हरलो. कडं काढलं.


कृष्णाकाठचा
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

अपडेट. सापडलं.

सकाळी अंगठी देव्हाऱ्यात, घड्याळ कपाटात, पान्याला ट्यूब (काका, पंक्चरवाल्यानं खरंच फुकट दिली, वर काय करणार ते विचारत बसला). आधी व्होल्टेज बघितलं, रात्रभर चार्जर लावला होता, १२.६ आलं. मग मायनस काढून मीटर मध्ये लावला, अर्धा तास थांबलो, आकडा ०.३८ वर येऊन बसला. ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९ एएच, दोन दिवसात अर्धी बॅटरी साफ. बॅटरीवाला खरं बोलत होता.

मग एकेक फ्यूज काढायला लागलो, आतला डबा झाला, बॉनेटमधला झाला, आकडा ०.३५ च्या खाली जाईना. सगळे फ्यूज बाहेर आणि करंट चालूच. वायरमनदादांना मेसेज केला, ते म्हणाले म्हणजे चोर फ्यूजच्या डब्यातनं जातच नाही, प्लस टर्मिनलला जादा वायर आहे का बघा, नाहीतर आल्टरनेटर. टोपण उचललं तर मुख्य केबलच्या खाली अजून एक लाल वायर, करंगळीएवढी, टेपमध्ये लपेटलेली. साडेतीन वर्षं मी ती कंपनीचीच समजत होतो. तिच्या मागं मागं गेलो, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून आत, पायदानाच्या मॅटखालून, मागच्या सीटखाली, डिक्कीत. पार्सल ट्रेच्या मागं एक ॲम्प (स्पीकरचा ॲम्प्लिफायर) स्क्रूनं बसवलेला. आधीच्या मालकानं स्पीकर काढून नेले आणि ॲम्प सोडून दिला, तो चालू-बंद करणारी बारीक वायर पण त्यानं थेट चालूलाच जोडलेली. म्हणजे ॲम्प २४ तास जागा, कुणासाठी देव जाणे.

पण ॲम्प राहू दे, खरी गोष्ट वेगळीच. पत्र्याच्या भोकाला रबरी बुश नव्हता. वायर पत्र्याच्या धारेवर घासून घासून अर्ध्या इंचाला रबर गेलेलं, आतलं तांबं दिसत होतं, एका बाजूनं काळं पडलेलं. आणि अख्ख्या वायरला, बॅटरीपासून डिक्कीपर्यंत, एकही फ्यूज नाही. त्या जागेपासून पेट्रोलचा पाइप किती लांब आहे ते मोजायला टेप आणला होता, मग मोजलंच नाही.

मायनस काढलेलाच होता, वायर दोन्हीकडून सोडवून बाहेर ओढली, भोक बंद केलं. परत मोजलं, ०.०३. लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत घातला, दोनदा बघितला.


मिरजेचा_वायरमन
पुढचा रविवार, रात्री ९:१५

झकास. रोज चालवत होता म्हणून कळलं नाही, रात्री खाल्लेलं सकाळी आल्टरनेटर भरून देत होता. तुमची आधीची बॅटरी पण लवकर गेली असणार.


कृष्णाकाठचा
पुढचा रविवार, रात्री ९:२०

दोन वर्षांत गेली होती. मी दुकानदाराशी भांडून आलो होतो, आता तोंड कसं दाखवू.


ट्रकवाले_काका
पुढचा रविवार, रात्री ९:३२

नवीन बॅटरी घ्यायला जाल तेव्हा दाखवा. ती वायर फेकू नका, घासलेला तुकडा मला पाहिजे, नातवाला दाखवायचाय. आणि गाडीत आग विझवायचा एक किलोचा पावडरचा एबीसी सिलिंडर ठेवा, सीटखाली, डिक्कीत नाही.


उसाचा_ट्रॅक्टर
पुढचा रविवार, रात्री ९:५०

दादा, ॲम्प किती वॅटचा हाय? द्यायचा आसला तर सांगा. फ्यूज लावून घेतो, वीतभर अंतरावर.